यादीतलं एक्केचाळिसावं काम

मी याद्या करतो. घरातली साखर संपायच्या आधी ती यादीत आलेली असते. शाळेची सहल निघायची असली की मुलांच्या आधी यादी निघते. बायको म्हणते, स्वतःच्या तेराव्याची यादीसुद्धा हे करून ठेवतील. ती मी करून ठेवलेली आहे. तिला सांगितलेलं नाही, इतकंच.

हे आधी सांगायचं कारण असं की, माझ्या हातून झालेली सर्वांत चांगली यादी मी युरोपच्या प्रवासासाठी केली होती, आणि तिच्यात एक चूक होती.

दुसऱ्या लढाईच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट. मी वाशीमच्या शाळेत इतिहास शिकवत होतो. बदलून येऊन दहा वर्षं झाली होती, आणि फ्रेंच राज्यक्रांतीची सहा कारणं शिकवून पंधरा. मुलं परीक्षेत पाच लिहीत; सहावं कोणालाच आठवत नसे. खरं म्हणजे मलाही वहीत पाहावं लागे. मी स्वतः नागपूर आणि मुंबई यापलीकडे गेलेलो नव्हतो.

आमच्या शाळा-समितीचे अध्यक्ष रिठदकडचे एक देशमुख होते. कपाशी भरपूर, फेटा पांढरा, तब्येत चांगली. दुःख एकच होतं. अकोल्याचा एक जीनवाला, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचा मालक, युरोपला जाऊन आला होता आणि कुठल्याही सभेत, विषय सरकीचा असला तरी, तो स्वित्झर्लंडवर येत असे. दोन वर्षं हे ऐकल्यावर देशमुखांनी जाहीर केलं की आपणही युरोप पाहणार, पण त्या जीनवाल्यासारखा हॉटेलात बसून नव्हे, तर आगगाडीनं, आणि इतिहासासकट. "वावर धुऱ्यावर उभं राहून समजत नाई, मास्तर. मधातून चाललं पाह्यजे," असं त्यांनी मला सांगितलं. धुरा म्हणजे शेताचा बांध. इंग्रजी बोलणारा आणि इतिहास जाणणारा माणूस बरोबर हवा होता. समितीनं मला चार महिन्यांची रजा दिली. अध्यक्ष तेच असल्यामुळे चर्चा लांबली नाही.

मी सामानाची यादी केली. दोन पितळी तांब्ये, दशम्या, तिळाची चटणी, कैरीचं लोणचं, सातूचं पीठ, सुई-दोरा, पायजम्याच्या नाड्या सहा, आणि मंगरूळपीरच्या शिंप्यानं शिवलेला ओव्हरकोट. हा कोट इतका जड होता की पुढे मिलानच्या हॉटेलात खुंटीला अडकवला तेव्हा खुंटी भिंतीतून निघून आली. वाटेत टोपी घ्यावी लागली तर असावं म्हणून मी देशमुखांच्या डोक्याचा घेरसुद्धा मोजून लिहून ठेवला. सामान चाळीस कलमांवर संपलं. मी खाली रेघ मारली.

रेघ मारल्याच्या दुसऱ्या दिवशी माळीणबाई आल्या.

त्यांचा मळा बालाजीच्या तळ्याच्या बाजूला होता. दिरांच्या मळ्याला लागून त्यांचा एक तुकडा. त्यात त्या वांगी, मेथी, मुळे काढत आणि टोपली घेऊन आमच्या आळीत येत. त्यांचा नवरा पहिल्या लढाईत खेचरांच्या पलटणीत भरती होऊन फ्रान्सला गेला होता. परत आला नाही. आला तो एक सरकारी कागद: अमुक इसम सापडत नाही. मेला असं त्यात लिहिलेलं नव्हतं. याला सोळा-सतरा वर्षं झाली होती. मी वाशीमला आलो तेव्हापासून गावात त्याचा उल्लेख 'फौजी' असाच ऐकत होतो. बाई 'हे' म्हणत. माझी बायको 'माळीणबाईंचे यजमान' म्हणे. नवऱ्याचा विषय निघाला की बाई बोलता बोलता पदर कपाळापर्यंत पुढे ओढून घेत, जणू तो आत्ताच मळ्यातून येऊन ओट्यापाशी उभा राहिला आहे.

त्या दिवशी त्यांनी टोपली उतरवली, पदर ओढला आणि सरळ कामाचं बोलल्या. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा एक पेन्शनर शिपाई बाजारात भेटला होता. त्यानं सांगितलं की फ्रान्समध्ये शेताच्या मधोमध एक गोल भिंत बांधली आहे आणि ज्यांचं प्रेतसुद्धा मिळालं नाही अशा आपल्याकडच्या लोकांची नावं तिच्यावर कोरली आहेत.

"आमच्या याईचं हाये का नाई, तेवढं पाहून या, मास्तर."

मी म्हटलं, पाहीन. आणि नसलं तर काय समजायचं, असंही विचारलं. मास्तरकी अंगात असली की असे प्रश्न तोंडातून निघतात.

बाई म्हणाल्या, "नसलं तर लोक म्हनते तसं असन. मडमेसंगं राहून राह्यले असन तिकडं. ते बी चालन. पन मले सवाष्णी बोलवत नाई, अन् विधवा आपल्यात घेत नाई. सतरा वर्षं झाले, मी दोन्ही पंगतीच्या मधात उभी हावो."

मी वही काढली आणि रेघेखाली लिहिलं: ४१. भिंतीवर नाव पाहणे (माळीणबाई). वही मिटली. काम यादीत आलं की ते निम्मं झालं असं मी मानत आलो आहे.

वाशीमच्या स्टेशनावर निरोपाला बँड होता. गाडी तास-दीड तास उशिरा आली, त्यामुळे हेडमास्तरांचं भाषण तीनदा संपलं. आमची लहान लायनीची गाडी अकोल्याकडे निघाली, आणि पहिल्याच स्टेशनावर, जऊळक्याला, देशमुखांनी विचारलं, "मास्तर, इथं इतिहासात काय झालं?"

मी म्हणालो, काही नाही.

"मंग गाडी काहून थांबली?"

मला वाटलं ते थट्टा करताहेत. ते थट्टा करत नव्हते. जिनोआला बोटीतून उतरून आम्ही गाडीत बसलो तेव्हापासून हाच नियम लागू झाला. गाडी जिथे थांबेल तिथे देशमुख खाली उतरत, फलाटावर दोन्ही पाय टेकवत आणि माझ्याकडे पाहत. मोठ्या शहरांत माझं निभलं. पण त्या गाड्या फार थांबत. आल्प्सच्या पायथ्यापर्यंत माझ्याजवळचा इतिहास संपत आला. मग एका डोंगराळ स्टेशनावर, जिथे दुधाच्या बरण्या आणि एक झोपलेला कुत्रा याशिवाय काही नव्हतं, मी सांगून टाकलं की इथे एका ऑस्ट्रियन राजाला पडसं झालं आणि त्यामुळे तह तीन दिवस पुढे गेला. देशमुखांनी ते स्वतःच्या डायरीत लिहून घेतलं. नंतर मला या बाबतीत कोणाला नावं ठेवायला तोंड राहिलं नाही, म्हणून हे इथे नोंदवतो.

नेपोलियन आल्प्स ओलांडून गेला हा धडा मी पंधरा वर्षं हातवारे करून शिकवत होतो. आमची गाडी बोगद्यात शिरली आणि आम्ही सातूचं पीठ कालवून खाऊन हात धुईपर्यंत पलीकडे निघाली. देशमुख म्हणाले, त्याला कोणीतरी बोगद्याचं सांगायला पाहिजे होतं.

व्हिएन्नाला मी त्यांना तो दिवाणखाना दाखवला जिथे सगळ्या राजांनी बसून युरोपचा नकाशा नव्यानं आखला. कोणाला काय मिळालं, कोण रुसलं, कोणाचा तुकडा कोणाला गेला हे मी सविस्तर सांगितलं. देशमुख वाटणीचे दावे तीन पिढ्या लढलेल्या घरातले. त्यांनी एकच विचारलं: धुऱ्यावरची झाडं कोणाकडे गेली? मी म्हणालो, ते पुस्तकात नाही. "मंग भांडन मिटलंच नसन," ते म्हणाले. माझ्या वहीत या तहाचे परिणाम नऊ आहेत. दहावा मी तिथेच लिहिला.

जर्मनीत गाड्या अगदी वेळेवर होत्या. स्टेशनं धुतलेली, सगळीकडे नवे झेंडे, फलाटावर एका रांगेत उभी केलेली पोरं, आणि एका दिवसात तीन वेळा कागदपत्रांची तपासणी. देशमुख फार खूश झाले. शाळेत अशी रांग झाली पाहिजे, हे मला तिथल्या तिथे टिपून घ्यायला सांगितलं. मीही 'घेण्यासारख्या गोष्टी' या मथळ्याखाली ते टिपलं. पुढे काही वर्षांनी मी ती ओळ खोडली. शाई अजून दिसते.

वॉटर्लूला मात्र शिकायची पाळी माझ्यावर आली. देशमुखांनी टेकाडावर चढून चारी बाजूंना पाहिलं आणि विचारलं की लढाई एवढ्याच जागेत झाली का. ही तर त्यांच्या नदीकाठच्या वावरात मावली असती. मग खाली उतरून त्यांनी मातीचं ढेकूळ उचललं, बोटांत चुरडलं, आणि आदल्या रात्री पाऊस होता का असं विचारलं. होता, मोठा पाऊस होता. "ओल्या वावरात कोनी औत बी घालत नाई, यानं तोफा घातल्या," ते म्हणाले. माझ्या वहीत नेपोलियनच्या पराभवाची सात कारणं होती. परतल्यावर मी वर्गात एकच सांगू लागलो. मुलांच्या ते लक्षात राहिलं.

तिथून पॅरिसला जाताना उत्तर फ्रान्समध्ये एका जंक्शनवर गाडी बदलायची होती. एक्केचाळिसाव्या कामाची जागा तिथून जवळ होती: लहान गाडीनं अर्धा तास आणि मग दीड-दोन कोस चाल. मी आधीच वेळापत्रक पाहून ठेवलं होतं. देशमुखांना सांगितलं तेव्हा ते नाराज झाले. पॅरिसजवळच्या राजवाड्यातला आरशांचा महाल त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी पाहायचा होता, आणि जीनवाल्यानं तो पाहिलेला नव्हता. भिंत त्यांच्या यादीत नव्हती. तिथे राजा कोणता, तह कोणता, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, राजा नाही, खेचरं हाकणारे आहेत. मग आपण स्टेशनावरच थांबतो, तुम्ही चारच्या गाडीच्या आत या, असं ठरलं. मी त्यांना खानावळीत बसवून, आलूबुखाऱ्याचं काहीतरी गोड समोर ठेवून निघालो.

बीटाच्या शेतांमधून सरळ रस्ता होता. भिंत खरंच गोल होती, पांढऱ्या दगडाची, आणि तिच्या बाजूला एक उंच खांब. बाहेर एक इंग्रज माळी कुंपणाची झुडपं छाटत होता. त्याचा एक पाय ताठ होता. त्यानं कात्री ठेवली, हात पुसले, कोनाड्यातून एक जाड नोंदबुक काढलं आणि मला सांगितलं की सगळी नावं यात अक्षरांच्या क्रमानं लावली आहेत, त्यावरून भिंतीचा भाग लगेच सापडतो. बोट पानावर ठेवून त्यानं विचारलं, नाव काय?

मी वही उघडली. एक्केचाळीस: भिंतीवर नाव पाहणे.

माझ्याजवळ देशमुखांच्या डोक्याचा घेर होता. नाड्यांची संख्या होती. वाशीमपासून त्या भिंतीपर्यंतच्या प्रत्येक गाडीची सुटण्याची वेळ होती. ज्याचं नाव पाहायला आलो त्याचं नाव नव्हतं.

बाईंनी ते सांगितलं नव्हतं, कारण बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलंच तर लग्नकार्यात, उखाण्यात गुंफून. हे मला माहीत होतं. माझी बायको तरी कुठे माझं नाव घेते? मी विचारलं नव्हतं, कारण ते मी लिहिलं आहे असंच मला वाटत होतं. आडनाव ठाऊक होतं, पण भिंतीवर आमच्याकडच्या लोकांची आडनावं नव्हतीच. फक्त नाव, आणि त्या त्या पलटणीखाली. माळी बोट न उचलता वाट पाहत होता. मी त्याला खरं ते सांगितलं. तो हसला नाही. त्यानं नोंदबुक मिटलं आणि मला खेचरांच्या पलटणींचा भाग दाखवून दिला.

पन्नास मिनिटं होती. उन्हात पांढऱ्या दगडावरची पांढरी अक्षरं दिसत नव्हती, म्हणून मी प्रत्येक नावावरून बोट फिरवत गेलो. पंजाबकडची, पठाणांची, कुठली कुठली नावं. त्यांतून जे जे आपल्या बाजूचं वाटलं ते मी देवनागरीत उतरवून घेतलं, आणि समोर भिंतीचा भाग आणि वरून कितवं तेही. एकोणीस नावं झाली. खेचरवाल्यांपैकी कोणी सुटलं नाही याची दोनदा खात्री केली आणि स्टेशनाकडे अक्षरशः पळालो. देशमुखांनी झालं का असं विचारलं. मी म्हणालो, निम्मं.

वाशीमला परत आल्यावर पहिले चार दिवस मी माळीणबाईंकडे गेलो नाही. यादीत 'माळीणबाईंना सांगणे' हे काम रोज लिहीत होतो आणि रोज पुढच्या पानावर नेत होतो. काय सांगायचं होतं? की एकोणीस माणसांपैकी एखादा तुमचा असेल, नाव तेवढं सांगा?

पाचव्या दिवशी दुपारी शाळेत देशमुखांचा सत्कार झाला. त्यांनी तास-दीड तास भाषण केलं. वॉटर्लूची माती सांगितली, ऑस्ट्रियन राजाचं पडसं सांगितलं. हेडमास्तरांनी त्या पडशाबद्दल कौतुकानं माझ्याकडे पाहिलं. आणि शेवटी देशमुख त्या भिंतीवर आले. आपण फेटा उतरवून तिच्यासमोर कसे उभे राहिलो, डोळ्यांत पाणी कसं आलं, हे त्यांनी इतकं चांगलं सांगितलं की आलूबुखाऱ्याचं गोड मी स्वतः मागवलं नसतं तर मलाही खरं वाटलं असतं. मग ते म्हणाले, "अन् त्या भिंतीवर आपल्या वाशीमचं नाव बी झळकून राह्यलं." टाळ्या झाल्या. वाशीमचा त्या भिंतीवर एकच होऊ शकत होता, आणि तो कोण हे सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत होतं. माळीणबाईंचे दोन्ही दीर मागे दाराशी उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच बाई आमच्या ओट्यावर आल्या. टोपली भरलेली होती, कारण बाजाराचा दिवस होता. कुंकू होतं, बांगड्या होत्या. संध्याकाळीच जावा बांगड्या फोडायला आल्या होत्या, असं त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं. तुमच्या देशमुखानं काय पाहिलं ते मास्तरला विचारून येते, मग काय ते करा, असं म्हणून त्यांना परत लावलं होतं.

मी सगळं सांगितलं. देशमुख भिंतीपाशी आलेच नव्हते हे सांगितलं. नाव माझ्याजवळ नव्हतं हेही सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं.

"सुई-दोरा नेला होता ना, मास्तर?"

नेला होता, मी म्हणालो. माझी बायको आत निघून गेली. बहुतेक हसायला.

मी म्हणालो की माझ्याजवळ एकोणीस नावं आहेत. तुम्हाला नाव घ्यायचं काम नाही. मी वाचतो, तुम्ही फक्त ऐका. बाई टोपलीला टेकून खाली बसल्या. मी वही उघडली आणि हजेरी घेतो त्या आवाजात वाचायला लागलो, कारण दुसरा आवाज मला जमत नाही.

एक, दोन, तीन. बाई मेथीच्या जुड्या नीट करत होत्या. सात, आठ. बारावं नाव वाचताना मी वहीतून वर पाहिलं नाही. तेरावं वाचायला तोंड उघडलं तेव्हा जुड्यांचा आवाज थांबलेला होता. वर पाहिलं. बाईंनी डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत पुढे ओढून घेतला होता आणि मान खाली घातली होती.

मी थांबलो. देशमुखांची थाप खरी निघाली होती आणि मला त्याचा रागही धड करता येत नव्हता.

बाईंनी पदराआडून विचारलं, "वरून कितवं हाये?"

मी वहीत पाहिलं. नववं.

"हात पुरते काय तिथं?"

पुरतो, मी म्हणालो. अक्षरं दिसत नव्हती, म्हणून मी बोट फिरवूनच वाचलं.

"म्हंजे तुमचा हात लागला."

"लागला."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग टोपलीकडे. जावांना सांगू नका, मीच सांगीन, असं त्या म्हणाल्या. मी वही मिटायला लागलो तर त्यांनी मान हलवली.

"बाकीचे बी वाचा, मास्तर. त्याईलेबी कोनी असन."

सात राहिले होते. ते मी वाचले. बाई पदर तसाच ठेवून शेवटपर्यंत बसल्या, मग टोपली उचलून बाजाराला गेल्या, कारण मेथी उन्हात टिकत नाही.